शरणपूरची मुलं

मराठवाड्यात हबशी म्हटलं की मलिक अंबर आठवतो. इथिओपियात जन्मलेला, लहानपणीच विकला गेलेला, मोखा आणि बगदादच्या बाजारांतून हात बदलत अहमदनगरच्या निजामशाहीतल्या चंगेजखान या वजिराच्या पदरी आलेला हा माणूस पुढे त्याच निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० च्या सुमारास त्यानं खडकी वसवली, नहर खोदून गावात पाणी खेळवलं, १६१६ मध्ये आमच्या जालन्याकडच्या रोषणगावच्या लढाईत मोगलांकडून मार खाल्ला आणि १६२४ मध्ये भातवडीला त्याचं उट्टं काढलं. जहांगीर त्याच्यावर इतका चिडून होता की अबुल हसन या चित्रकाराकडून त्यानं एक चित्र काढून घेतलं. अंबरचं छाटलेलं मुंडकं भाल्यावर टांगलेलं आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे! ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात अंबर १६२६ मध्ये म्हातारा होऊन मेला, मोगलांच्या हाती न लागता. खुलताबादला त्याची कबर आहे.

हे सगळं आपल्याकडे पाठ असतं. आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेला शहागडपाशी गोदावरी वाहते. तिच्या प्रवाहाला उलटं चालत गेलं तर वाटेत पैठण लागतं आणि वर नाशिक. या नाशिकला आफ्रिकेतून आलेल्या दुसऱ्याच माणसांची गोष्ट घडली. त्यांच्यात कुणी वजीर नव्हता, कुणी सरदार नव्हता. सुतार होते, लोहार होते, शेतीकाम शिकलेले होते, दोन-चार लिहिण्यात पटाईत होते. त्यांतल्या एकानं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा दिला. तरी आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना ओळीचीही जागा मिळालेली नाही. त्यांची दखल पहिल्यांदा नीट घेतली गेली ती लंडनमध्ये, २००७ साली, आणि तीही गुलामगिरीच्या दुसऱ्याच इतिहासाची चर्चा जोरात चालली होती म्हणून.

तो दुसरा इतिहास अटलांटिकचा. चार शतकांत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबून अमेरिका खंडाकडे नेलं गेलं. वाटेत वीस लाखांच्या आसपास माणसं मेली. ब्रिटननं १८०७ मध्ये हा व्यापार बंद केला, १८३३ च्या कायद्यानं आपल्या वसाहतींतली गुलामगिरीही मोडली, आणि मालकांना दोन कोटी पौंड भरपाई दिली. गुलामांना छदामही नाही. हिंदी महासागरातला व्यापार मात्र त्यानंतरही जोरात होता. झांझिबारच्या लवंगांच्या मळ्यांना माणसं लागत, अरबस्तान आणि इराणच्या आखाताला लागत. न्यासा सरोवराच्या आसपासची याओ, न्यांजा मुलं किल्वाच्या किनाऱ्यावर आणली जात आणि तिथून गलबतांत भरली जात. १८४५ च्या तहात झांझिबारच्या सुलतानानं आपल्या आफ्रिकी मुलखाबाहेर गुलाम पाठवायचे नाहीत असं कबूल केलं होतं. कबुली कागदावर राहिली.

ब्रिटिश आरमाराची जहाजं ही गलबतं अडवत. आतली माणसं सुटत, पण त्यांना परत गावी पोचवणं कुणाच्या हातात नव्हतं. गाव जळालेलं, आईबाप विकलेले, आणि किनाऱ्यावर उतरवलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पकडले जाण्याची खात्री. म्हणून त्यांना एडनला, सेशेल्सला आणि मुंबईला उतरवलं जाई. मुंबईत मोठी माणसं गोदीत, बोटींवर कामाला लागत. प्रश्न असे तो पोरांचा. सरकार ती मिशनऱ्यांच्या हवाली करी.

चर्च मिशनरी सोसायटीचं काम नाशिकला १८३२ पासून होतं. विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्यानं गावाबाहेर १८५४ मध्ये बाटलेल्यांची वस्ती वसवली आणि तिला शरणपूर नाव दिलं. घरून हाकललेल्या मराठी ख्रिस्त्यांना आसरा म्हणून ही वस्ती होती. मुंबईत आयसेनबर्ग नावाच्या जर्मन मिशनऱ्यानं आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालवला होता. हा स्वतः काही वर्षं इथिओपियात काढून आलेला. १८६० च्या सुमारास ती मुलं शरणपूरला आली आणि तिथे आफ्रिकी अनाथाश्रम उभा राहिला. मुलांना लिहा-वाचायला शिकवत, सुतारकी, लोहारकी, शेतीकाम शिकवत, मुलींना शिवणटिपण. बाप्तिस्मा दिला की नवी नावं मिळत, आणि ती बहुतेक तिथल्या पाद्र्यांचीच. त्यातूनच एकजण सायमन प्राइस झाला, एकजण रिचर्ड आयसेनबर्ग, एकजण कॅरस फॅरर, एकजण जेकब वेनराइट. आजचा शरणपूर रोड म्हणजे नाशिकमधला भर वाहतुकीचा, दुकानांचा रस्ता. सेंट अँड्र्यूज चर्च तिथे उभं आहे.

या मुलांच्या नशिबाला कलाटणी मिळाली ती डेव्हिड लिव्हिंगस्टनमुळे. स्कॉटलंडच्या ब्लँटायर गावात सूतगिरणीत दहाव्या वर्षापासून राबलेला, पुढे डॉक्टर आणि मिशनरी झालेला हा प्रवासी. १८६१ मध्ये शिरे नदीच्या डोंगराळ मुलखात त्यानं गुलामांचा एक तांडा सोडवला होता. त्यातली चुमा आणि विकातानी ही दोन मुलं त्याच्याबरोबर राहिली. १८६४ मध्ये पैसा संपत आला तेव्हा त्यानं आपली छोटी आगबोट 'लेडी न्यासा' विकायचं ठरवलं आणि गिऱ्हाईक गाठायला स्वतःच ती झांझिबारहून मुंबईला हाकली. बरोबर तीन गोरे, झांबेझीकाठचे सात गडी आणि ही दोन मुलं. अडीच हजार मैल, पंचेचाळीस दिवस, आणि तोंडावर पावसाळा. १३ जूनला बोट मुंबई बंदरात शिरली तेव्हा कुणाचं लक्षही गेलं नाही. चुमा आणि विकातानीला त्यानं डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. हे तेच विल्सन, ज्यांचं नाव मुंबईच्या विल्सन कॉलेजला आहे; जालन्याजवळ बेथेलची वस्ती उभी करणारे नारायण शेषाद्री विल्सन यांच्याच स्कॉटिश मिशनचे. मिशनऱ्यांच्या या जाळ्याची एक गाठ आमच्या जिल्ह्यातही होती, ती अशी.

बोट सहा हजार पौंडांना पडली होती, मुंबईत ती तेवीसशेला गेली. त्या दिवसांत मुंबईत पैशाला सुमार नव्हता. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं, तिथल्या गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झालेला, आणि त्यामुळे वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव. या पैशावर बँका आणि कंपन्या रोज उठत होत्या. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, बँका बुडू लागल्या. लिव्हिंगस्टनचे बोटीचे पैसे ज्या बँकेत होते तीही बुडाली. गुलामांचा कैवारी म्हणवणाऱ्या माणसाची पुंजी अशी अमेरिकेतल्या गुलामांच्या कापसाच्या फुग्यात गेली. ज्या ब्लँटायरच्या गिरणीत तो लहानाचा मोठा झाला, तिच्या चात्यांवरचं सूतही अटलांटिकपलीकडच्या गुलामांनी पिकवलेल्या कापसाचंच होतं.

मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रिअर लिव्हिंगस्टनचा मित्र. त्याच्या मदतीनं नव्या मोहिमेची जमवाजमव झाली. जानेवारी १८६६ मध्ये 'थुले' नावाच्या बोटीनं तो मुंबईहून निघाला आणि पुढे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला, तेव्हाचा त्याचा लवाजमा त्याच्याच रोजनिशीत नोंदलेला आहे. बॉम्बे मरीन बटालियनचे तेरा शिपाई, जोहाना बेटावरचे दहा, शरणपूरची नऊ मुलं, शुपांगाचे दोघे, आणि चुमा व विकातानी. शिवाय सहा उंट, तीन म्हशी आणि एक रेडकू, दोन खेचरं, चार गाढवं. म्हशी कशाला? आफ्रिकेत त्सेत्से माशी चावली की घोडे-बैल मरतात. हिंदुस्थानातली जनावरं तगतात का हे त्याला पाहायचं होतं. शिपायांनी उंटांवर मणामणाचं ओझं लादलं, म्हशींना बडवलं, जनावरं पटापट मेली. माशीनं मेली की माणसांनी मारली, हे शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. शिपाई परत पाठवावे लागले.

शरणपूरच्या मुलांसाठी ही वाट वेगळी होती. ती त्यांच्याच मुलखातून जात होती. मटाका नावाच्या याओ सरदाराच्या गावी अब्राहम या मुलाला त्याचा चुलता भेटला. मुलगा विकला गेल्यावर त्याची आई आणि बहिणीही विकल्या गेल्या होत्या, हे त्याला तिथे कळलं. चुलत्यानं राहा म्हणून गळ घातली. अब्राहम राहिला नाही. विकातानीला मात्र सरोवराजवळ नातलग सापडले आणि तो तिथेच थांबला. लिव्हिंगस्टन कधी या मुलांची तारीफ करतो, कधी आळशी म्हणून करवादतो. चालून चालून आजारी पडलेल्या, उपाशी माणसाच्या रोजनिशीतली ती शेरेबाजी आहे, पण पुढची शंभर वर्षं इतिहासकारांनी ती जशीच्या तशी उचलली, हे मला खटकतं.

१८७१ मध्ये पत्रकार स्टॅन्लीनं उजिजीला लिव्हिंगस्टनला गाठलं. किनाऱ्यावर परतल्यावर त्यानं झांझिबारहून माणसांची नवी कुमक पाठवली. तिच्यात शरणपूरची आणखी काही तरणी पोरं होती. जेकब वेनराइट, कॅरस फॅरर, मॅथ्यू वेलिंग्टन. ऑगस्ट १८७२ मध्ये ती लिव्हिंगस्टनला मिळाली आणि पुढच्या वर्षी, १ मे १८७३ च्या पहाटे, चितांबोच्या गावातल्या झोपडीत खाटेशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत तो मरून पडलेला सापडला.

तिथून पुढे जे झालं ते सावकाश सांगण्यासारखं आहे, कारण त्या वेळी हुकूम देणारा एकही गोरा माणूस तिथे नव्हता. साठेक माणसांचा तांडा, समुद्र हजार मैलांवर, मधल्या मुलखात मढं नेणं म्हणजे अरिष्ट ओढवून घेणं. देह तिथेच पुरून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी शेकोटीभोवती बसून मसलत केली आणि देह समुद्रापर्यंत न्यायचा ठरवला. शुपांगाच्या त्या दोघांपैकी सुसी आणि चुमा म्होरके झाले. गावाबाहेर उघड्या छताचं कुडाचं खोपटं उभारलं. झांझिबारला एका डॉक्टरच्या हाताखाली राहिलेला फरजाला आणि शरणपूरचा कॅरस या दोघांनी पोट चिरून काळीज आणि आतडी काढली. ती पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली. जेकबनं प्रार्थनेच्या पुस्तकातला अंत्यविधीचा पाठ वाचला आणि म्वुला झाडाच्या खोडावर लिव्हिंगस्टनचं नाव, तारीख आणि तांड्याच्या म्होरक्यांची नावं कोरली. देहात मीठ भरलं, ब्रँडी वापरली, आणि चौदा दिवस रोज कूस बदलत तो उन्हात वाळवला. मग पाय गुडघ्यांत मुडपून तो कापडात गुंडाळला, झाडाची अखंड सोलून काढलेली साल नळकांड्यासारखी त्याभोवती बसवली, वरून शिडाचं कापड शिवलं आणि सगळं एका दांड्याला बांधलं. दोघांच्या खांद्यावर एक दांडा, डोलीसारखा.

ऑक्टोबरात उन्यान्येंबेला त्यांची लेफ्टनंट कॅमेरनशी गाठ पडली. तो इंग्रजांनी पाठवलेल्या मदत-मोहिमेचा प्रमुख. त्यानं सुचवलं की देह इथेच पुरा. यांनी ऐकलं नाही. पुढे कासेकेरापाशी गावकऱ्यांनी मढं पुढं न्यायला अडवलं, तेव्हा यांनी एक डाव केला. धान्याच्या धाटांची मोळी मढ्यासारखी बांधली, सहा-सात माणसं ती घेऊन रडत-ओरडत पुरायला म्हणून मागे निघाली, रानात शिरल्यावर धाटं उधळली आणि एकेक करून गुपचूप परत आली. खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून माणसांच्या ओझ्यांत मिसळून गेला होता. फेब्रुवारी १८७४ मध्ये तांडा बागामोयोला समुद्राशी पोचला. नऊ महिने लागले, आणि वाटेत त्यांच्यातली काही माणसंही मेली.

त्याच १८७३ साली पुण्यात जोतिराव फुल्यांची 'गुलामगिरी' निघाली. तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना आहे. जून १८७३ मध्ये त्याच फ्रिअरच्या खटपटीनं झांझिबारच्या सुलतानानं गुलामांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन झाला. आणि त्या सगळ्या महिन्यांत शरणपूरची पोरं एक दांडा खांद्यावर घेऊन चालत होती. पुण्याच्या माणसाला गुलामांच्या मुक्तीचा दाखला द्यायला दृष्टी थेट अमेरिकेपर्यंत न्यावी लागली. नाशिकला, पेठेतून पायी जाण्याच्या अंतरावर, मुक्त झालेली आफ्रिकी मुलं पाट्या गिरवत होती. फुल्यांचा मुद्दा आपल्याकडच्या गुलामगिरीचा होता आणि तो बरोबरच होता. ही फक्त त्या काळाच्या भूगोलाची गंमत.

झांझिबारला ब्रिटिश वकिलानं तांड्याचा पगार चुकता केला आणि सगळ्यांना मोकळं केलं. देहाबरोबर इंग्लंडला कुणी जायचं हा प्रश्न आला तेव्हा मिशननं एकट्या जेकबचं भाडं भरलं. तो ख्रिस्ती होता, इंग्रजी बोलणारा होता, सभांत उभा करायला सोयीचा होता. १८ एप्रिल १८७४ रोजी ॲबीत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत स्टॅन्ली होता, लिव्हिंगस्टनचा जुना सोबती जॉन कर्क होता आणि जेकब वेनराइट होता. सुसी आणि चुमा मागाहून आले आणि त्यांनी रोजनिशीच्या संपादनात होरेस वॉलरला मदत केली. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं तांड्यातल्या प्रत्येकासाठी पदक पाडलं. पदकं झांझिबारला पोचली तोवर माणसं पांगलेली. कित्येकांना ती मिळालीच नाहीत. जेकब पुढे आफ्रिकेत मिशनऱ्यांकडे, प्रवाशांकडे मिळेल ते काम करत राहिला आणि १८९२ मध्ये उरांबोला वारला. चुमा त्याच्या दहा वर्षं आधी गेला होता, तोही जेमतेम तिशी ओलांडलेला.

शरणपूरच्या बाकीच्यांचं पुढे काय झालं? फ्रिअरनं सुचवलं की नाशिकच्या आफ्रिकींना परत पूर्व आफ्रिकेत न्यावं आणि सुटलेल्या गुलामांची वसाहत त्यांच्या हाती द्यावी. प्राइस स्वतः मोंबासाला गेला आणि १८७५ मध्ये खाडीपलीकडे फ्रिअरटाऊन वसलं. त्याच्याही दहा वर्षं आधी विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे शरणपूरहून रबाईला गेले होते. तिकडे या सगळ्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत. ते इंग्रजी बोलत, बूट घालत, स्वतःची मतं मांडत, आणि नव्यानं आलेल्या गोऱ्या पाद्र्यांशी त्यांचे वारंवार खटके उडत. मिशनच्या पत्रव्यवहारात त्यांच्या शिष्टपणाबद्दल तक्रारी आहेत. शिकवल्यावर माणूस हिशोब विचारतो, हे शिकवणाऱ्यांना पचत नव्हतं. तरी १८८५ मध्ये जोन्स आणि सेम्लर यांना पाद्रीपदाची दीक्षा द्यावीच लागली. त्याच वर्षी बिशप हॅनिंग्टन युगांडाच्या वाटेवर मारला गेला, तेव्हा उरलेला तांडा सुखरूप परत आणला तो या जोन्सनं, निळ्या कापडावर पांढरं अक्षर लिहिलेलं निशाण पुढे धरून. रबाईत जोन्सनं पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला होता. मालक त्यांना परत मागू लागले, आणि १ जानेवारी १८८९ रोजी ब्रिटिश कंपनीनं मालकांना पैसे मोजून १,४२१ जणांच्या हाती मुक्ततेचे दाखले ठेवले. फ्रिअरटाऊनची घंटा आजही मोंबासात रस्त्याच्या कडेला आहे. तो भाग कोंगोवेआ-न्यालीकडे जाणाऱ्यांना 'केंगेलेनी' म्हणून ठाऊक आहे. गुलाम पकडणारे दिसले की ती वाजवत.

मॅथ्यू वेलिंग्टन सगळ्यांत जास्त जगला. १९३५ मध्ये मोंबासात तो वारला.

एवढी माणसं, एवढे कागद, तरी संग्रहालयांत सव्वाशे वर्षं काय दिसत होतं? लिव्हिंगस्टनची टोपी, त्याचा सेक्स्टंट, आणि भिंतीवर 'विश्वासू सेवक' म्हणून सुसी आणि चुमा. जेकबनं कोरलेलं खोड १८९९ मध्ये तोडून लंडनला नेलं गेलं आणि रॉयल जिऑग्राफिकल सोसायटी या भूगोल संस्थेच्या संग्रहात ठेवलं गेलं. ते लिव्हिंगस्टनच्या स्मृतीची वस्तू म्हणून जपलं गेलं. कोरणाऱ्याचा हात नाशिकला वळण लागलेला होता, हे सांगण्याची कुणाला गरज वाटली नाही.

बदल आला तो अटलांटिकच्या बाजूनं. लिव्हरपूल म्हणजे गुलामांच्या जहाजांवर गब्बर झालेलं बंदर. तिथे १९९४ मध्ये सागरी संग्रहालयाच्या तळघरात गुलामगिरीचं एक दालन उघडलं. २००७ मध्ये, व्यापारबंदीला दोनशे वर्षं झाली तेव्हा, ते तिसऱ्या मजल्यावर येऊन स्वतंत्र संग्रहालय झालं. उद्‌घाटनासाठी २३ ऑगस्ट निवडला, कारण १७९१ मध्ये त्या सुमारास हैतीच्या गुलामांनी उठाव केला होता. दिवस व्यापारबंदीचा कायदा करवून घेणाऱ्या विल्बरफोर्सचा निवडला नाही, हे महत्त्वाचं. त्या वर्षी ब्रिटनभर अशी प्रदर्शनं झाली आणि बऱ्याच ठिकाणी वादाचा मुद्दा एकच होता: सगळं श्रेय कायदा करणाऱ्या दयाळू गोऱ्यांना का? शहरांतल्या आफ्रिकी आणि कॅरिबियन वंशाच्या लोकांनी हा प्रश्न संग्रहालयांच्या बैठकीत बसून विचारला. ब्रिस्टलमध्ये उत्तर मिळायला वेळ लागला, तेव्हा ७ जून २०२० रोजी लोकांनी एडवर्ड कोल्स्टन या गुलाम-व्यापाऱ्याचा पुतळा उपटून बंदरात ढकलला. तो गाळातून काढून एम शेड संग्रहालयात आडवाच ठेवला, अंगावरच्या रंगासकट, आणि पुढे काय करायचं हे शहराला विचारलं. सुमारे १४,००० जणांनी उत्तरं दिली.

याच २००७ च्या लाटेत लंडनच्या भूगोल संस्थेनं 'बॉम्बे आफ्रिकन्स' हे प्रदर्शन भरवलं. संशोधन क्लिफर्ड परेरा यांचं, आणि मांडणीत लंडनमधल्या आफ्रिकी आणि आशियाई वंशाच्या मंडळींचा हात. संस्थेच्याच कपाटांतले फोटो आणि कागद बाहेर आले, पण गोष्टीचा नायक बदलला. इथे वाट दाखवणारा शिदी मुबारक बॉम्बे, वाहून नेणारा जेकब वेनराइट आणि वसाहत उभारणारा जोन्स पुढे, आणि साहेब मागे. नाशिकचं नाव ठळक. २००९ मध्ये त्याच संस्थेनं वाटाड्यांवर आणि हमालांवर आणखी एक प्रदर्शन केलं. स्कॉटलंडमध्ये ब्लँटायरचं लिव्हिंगस्टन जन्मस्थान संग्रहालय दुरुस्तीनंतर जुलै २०२१ मध्ये उघडलं, ते गिरणीच्या कापसामागची गुलामगिरी आणि लिव्हिंगस्टनबरोबरच्या आफ्रिकी माणसांची कामगिरी, दोन्ही भिंतीवर घेऊन. जेकबची हस्तलिखित डायरी तिथल्या संग्रहात आहे आणि २०१९ पासून तिची पानं इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. लिव्हिंगस्टनच्या मृत्यूचं, तिथे हजर असलेल्या आफ्रिकी माणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं हे एकमेव वर्णन, आणि ते शरणपूरच्या विद्यार्थ्याच्या अक्षरात.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये शॉम्बर्ग सेंटर आहे, कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं मोठं ग्रंथालय. २०१३ मध्ये तिथे सिल्व्हियान डियुफ आणि केनेथ रॉबिन्स यांनी 'हिंदुस्थानातले आफ्रिकी' हे प्रदर्शन केलं. पुढच्या वर्षी ते दिल्लीलाही आलं. त्यात आपला मलिक अंबर होता, जंजिऱ्याचे सिद्दी होते. ते पाहणाऱ्या हार्लेमकराला काय वाटलं असेल हे समजू शकतं. अमेरिकेत ज्यांच्या पूर्वजांना फक्त मळा दाखवला जातो, त्यांना गुलामाचा झालेला राज्यकर्ता हवाच असतो. पण माझी कुरबुर इथेच आहे. प्रदर्शन समाजाच्या हाती गेलं की समाज आपले सेनापती पुढे काढतो. मलिक अंबरच्या फौजेत हजारो हबशी होते आणि त्यांतले पुष्कळसे त्यानं स्वतः विकत आणलेले. त्यांचं दालन कोण करणार? आणि कॅरस फॅररसारख्या, पोट चिरण्याचं काम करून पांगलेल्या माणसाचं?

आणखी एक कोपरा असा आहे की तिकडे आपल्याच लोकांची पावलं दिसतात. झांझिबारची जकात वर्षानुवर्षं कच्छच्या जयराम शिवजीच्या पेढीकडे मक्त्यानं होती, आणि जकात बसत होती त्या मालात गुलामही होते. तिथल्या हिंदी व्यापाऱ्यांच्या घरांत आणि मळ्यांत गुलाम होते. ब्रिटिश प्रजा म्हणून त्यांना तो हक्क नाही, असं म्हणत १८६० मध्ये ब्रिटिश वकील रिग्बी यांनी असे हजारो गुलाम सोडवले आणि व्यापाऱ्यांचे शिव्याशाप ओढवून घेतले. त्या व्यापाऱ्यांचं कापड आणि भांडवल मुंबईहूनच जाई. म्हणजे शरणपूरची मुलं ज्या बंदरावर उतरून मोकळी झाली, त्याच बंदराच्या पैशावर त्यांना पकडणारे तांडे आत जात होते.

नाशिकला कधी या मुलांचं दालन करायचं झालं तर पहिली बैठक शरणपूरच्या चर्चमधल्या मराठी ख्रिस्ती मंडळींशी आणि मोंबासा-रबाईत राहणाऱ्या 'बॉम्बे आफ्रिकन्स'च्या वंशजांशी व्हायला हवी. जेकबच्या डायरीची पानं आणि त्या खोडाचा फोटो मागवता येईल. पण जकातीचा मक्ता आणि मुंबईच्या पेढ्या यांची फळी कुठे लावायची यावर त्या बैठकीत भांडण होणार हे नक्की. देणगीदार सांगतील, ती जिन्याखाली लावा. मोंबासाहून आलेली माणसं ते ऐकून घेतील असं मला वाटत नाही.